केसपेपरवरची सुनावणी

ती. मावशीस,
दवाखान्याच्या खिडकीत बसणाऱ्या तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार.

कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? बीपीची गोळी घेतेस, की अजूनही "जन्मभर लोकांना गोळ्या दिल्या, आता मला कोण देणार" म्हणत डबीतच ठेवतेस? शेजारीण बोलायला लागली का? (नसेल तर उत्तमच, तुला हे पत्र निवांत वाचता येईल.) इकडे आम्ही सगळे मजेत. लेकीला आठवा लागलाय, बाळंतपणाला इकडेच आलीय, तब्येत छान आहे आणि दिवसभर लिंबं चोखत बसते. जावई रोज फोन करतात आणि तिला विचारायचे प्रश्न मला विचारतात.

आता मजेत म्हणजे कसे, ते ऐक. गावाबाहेरच्या माळाखाली गॅस सापडलाय. (तुझ्या मनात आत्ता जो विनोद आला तो इथे सगळ्यांचा करून झालाय, म्हणून मी करत नाही.) तिथे कंपनीला विहीर खोदू द्यायची की नाही यावरून गाव उभं फाटलंय, आणि ती चीर नेमकी आमच्या स्वयंपाकघरातून गेलीय. नवरा विहिरीच्या बाजूचा. वेल्डर माणूस, दोन वर्षं हाताला धड काम नाही, त्याला त्या माळावर नुसते पाइपच पाइप दिसतात. मामंजी विरोधात. तीस वर्षं पाण्याच्या टाकीवर पंप चालवला त्यांनी, गावातला प्रत्येक नळ त्यांना पोटच्या पोरासारखा (पोटच्या पोराहूनही जास्तच म्हण), आणि खोदकामानं पाणी नासेल या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. नवरा म्हणतो, गॅस निघाला की सरकारकडे पैसा येईल, दवाखाना सुधारेल. मामंजी म्हणतात, गॅस निघाला की सगळं गाव दवाखान्यातच राहायला जाईल. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद, माझ्यामार्फत मात्र अखंड चालू. नवऱ्यानं फ्रिजच्या दारावर आपलं पत्रक चिकटवलं, तर मामंजींनी दार उघडून आतल्या बाजूला त्यांचं लावलं. मला दूध काढायचं म्हटलं तरी दोन्ही पक्षांची बाजू वाचावी लागते.

माझं मात्र कुणी ऐकत नव्हतं. विहीर हवी की नको ते मी नंतर ठरवीन, मला आधी प्रसूतीच्या खोलीचं कुलूप निघायला हवं होतं. तू सिस्टर म्हणून इथून रिटायर झालीस, तुझ्या जागी कुणी आलं नाही, त्याच दिवशी खोली बंद झाली, आणि तू किल्ली टेबलावर आपटून "या दाराला पुन्हा हात लावणार नाही" म्हणत तरातरा निघून गेलीस, त्याला चार वर्षं झाली. आत आता मोडक्या खुर्च्या आणि डासांच्या फवारणीचा पंप आहे. बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात जायचं तर बसनं दोन तास. बेकरीवाल्याचा नातू वाटेत बसमध्येच झाला. सुखरूप आहे, पण अख्खं गाव त्याला 'हाफ तिकीट' म्हणतं. लेकीचं पोट बघितलं की मला ती बस दिसायची.

तर गेल्या मंगळवारी सुनावणी ठरली. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायला वरून मोठे साहेब आले. शाळेत परीक्षा चालू, म्हणून जागा आमच्या दवाखान्याच्या हॉलची. साहेब म्हणाले, "एकेकानं बोला," आणि सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. मामंजींनी पुरावा म्हणून टाकीच्या पाण्याची बाटली आणली होती. ती त्यांनी साहेबांपुढे ठेवली आणि नवऱ्यानं घटाघटा पिऊन टाकली. (तहान लागली होती म्हणे. खरं असावं, सकाळपासून ओरडत होता.) पुरावा नष्ट केला म्हणून नवा गोंधळ. साहेब "शांत व्हा, शांत व्हा" करता करता स्वतःच शांत झाले, कारण त्यांचा आवाज पार बसला. माझं डोकं असं भणभणलं म्हणतेस! पाय आपोआप रोजच्या वाटेनं गेले, मी खिडकीत जाऊन बसले, शिक्का टेबलावर आपटला आणि ओरडले, "लाइन लावा! बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे! जो मध्ये घुसेल त्याचा नंबर शेवटी!"

आणि मावशी, लागली की गं लाइन! चोवीस वर्षांची सवय आहे लोकांना. हवीवाले, नकोवाले, सगळे मुकाट्यानं एकामागे एक. मामंजींचा नंबर बरोब्बर नवऱ्याच्या मागे. एकानं तर "डॉक्टर आलेत का?" असंही विचारून घेतलं.

इथे माझी चूक झाली. साहेबांनी सुनावणीचे छापील फॉर्म दिले होते, ते राहिले बाजूला आणि माझा हात गेला केसपेपरवर. नाव, वय, तक्रार काय, किती दिवसांपासून. दहा जण झाल्यावर ध्यानात आलं, पण केसपेपरवर छापील नंबर असतो, फाडता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हटलं, होऊ दे आता. आणि गंमत बघ, माइक हातात आला की माणूस गावाचं भविष्य सांगतो, खिडकीशी वाकला की कुठे दुखतं ते सांगतो. विहीर समितीचे अध्यक्ष आले आणि "विकासाच्या या पर्वात" म्हणून सुरू झाले. मी म्हटलं, भाषण नको, तक्रार सांगा, मागे लाइन आहे. तर ते घुटमळत म्हणाले, "सुनेला सातवा आहे हो." विरोधकांची पुढारी गिरणीवाली. तिनं पाण्याचं लिहायला सांगितलं आणि जाता जाता परत फिरून म्हणाली, "ते कुलूपपण लिहा." नवऱ्याला मी नाव-वय विचारलं, तर रागानं बघायला लागला. (नियम म्हणजे नियम.) तक्रार: काम नाही, दोन वर्षं. मग हळूच म्हणाला, "आणि पोरीची काळजी वाटते, तेही लिही." त्याच्यामागे मामंजी. म्हणाले, "पाणी. आणि आधीच्या कागदावर शेवटी जे लिहिलंस, तेच." मला भरून आलं गं, पण लाइन होती.

एकूण एकशे त्रेचाळीस केसपेपर झाले, आणि एकशे एकोणीसांवर प्रसूतीची खोली! आता प्रत्येक कागदावर 'उपचार' असा रकाना असतो, तिथे साहेबांनी लिहून सही केल्याशिवाय रजिस्टर बंद होत नाही, आणि रजिस्टर बंद झाल्याशिवाय मी डॉक्टरांनासुद्धा घरी सोडत नाही. बिचाऱ्या साहेबांना वाद घालायला आवाजच नव्हता. बसले लिहीत. 'प्रसूतीची खोली सुरू करणे.' चार कागदांनंतर नुसतंच 'वरीलप्रमाणे'. विहिरीच्या तक्रारीपुढे त्यांनी लिहिलं, 'पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे'. त्यामुळे हवीवाले आणि नकोवाले दोघंही आपणच जिंकलो म्हणून खुशीत घरी गेले.

घरी भांडण आहेच, पण आता थेट. काल मामंजी नवऱ्याला तोंडावर गाढव म्हणाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाकी विशेष काही नाही. सहज आठवण आली म्हणून चार ओळी खरडल्या. जिवाला जप.

तुझीच,
खिडकीवाली

ता. क. हो, एक राहिलंच. खोली उघडायचा हुकूम शुक्रवारी आला. अट एकच: आठ दिवसांत अनुभवी सिस्टर रुजू व्हायला हवी, रिटायर झालेलीसुद्धा चालेल, नाहीतर हुकूम रद्द. अर्ज एकच आला आणि तो मंजूरही झाला. तो तुझा आहे. सही मी केली. (रागावू नकोस. आई गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच सही करायचीस, आणि ज्या वर्षी गणितात नापास झाले त्या वर्षी तुझी सही मीच केली होती. सराव आहे.)

ता. क. २. तुझी शपथ माझ्या लक्षात आहे. कुलूप मीच काढलंय, खोली तीनदा फिनेलनं धुतलीय आणि दार सताड उघडं ठेवलंय. तुला त्याला हात लावावा लागणार नाही. खरं सांगू? रोज त्या खिडकीतून मी सगळ्यांना "घाबरू नका, सगळं नीट होईल" म्हणते, पण मावशी, मी स्वतः फार घाबरलेय गं. तू असलीस की नाही घाबरणार.

ता. क. ३. हे पत्र पोस्टानं आलं नाही, हे तू ओळखलंच असशील. ते आणून देणारे बापलेक तुझ्या दारात उभे आहेत. टेम्पो बेकरीवाल्याचा आहे, संध्याकाळच्या पावाआधी त्याला परत हवाय. तेव्हा बॅग भर. 'नाही' म्हणायचं असेल तर मला कळवू नकोस, त्या दोघांनाच सांगून बघ. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आहेत.