बबडीचं पोट आणि माझं निदान

३ जून, सकाळी
बबडीचं पोट परत दुखतंय. शाळेच्या वेळेलाच बरं दुखतं. निदान: गणित. मी डिग्रीवाला डॉक्टर नाही, पण औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून केस पांढरे केलेत. अख्खी गल्ली मला डॉक्टरसाहेब म्हणते ती काय उगाच? तरी बायकोच्या समाधानासाठी जंताचं औषध पाजलं. विषय संपला.

११ जून
विषय संपला नाही. जंत पडले नाहीत, म्हणजे नव्हतेच. म्हणजे गॅस. निदान असंच करतात, एकेक नाव खोडत जायचं. गुलाबी औषध सुरू. बायको म्हणाली, मुलांच्या डॉक्टरांना दाखवू या. मी म्हटलं, ते चिठ्ठी लिहून माझ्याच दुकानात पाठवणार, मग मधे ते हवेत कशाला? बायकोने भांडी जरा जोरात घासली.

२५ जून
तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स. जेवत नाही, नुसते नखरे. शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरतो म्हणून बायकोने सेफ्टी पिन लावली. उंच होताना पोरं वाळतातच. उंची मोजली नाही, पण वाढली असणार.

९ जुलै
पेनकिलर दिली, चांगल्या कंपनीची. मुकाट शाळेत गेली. बायकोला म्हटलं, बघ. आता रोज सकाळी एक.

३० जुलै
संकल्प: सोमवारपासून पेनकिलर बंद. आज दिली, कारण चाचणी परीक्षा. मेव्हणी घरी आली होती, म्हणाली, पोरीची काडी झालीय, डोळे उघडा. मेव्हणी बँकेत आहे. तिला यातलं काय कळतंय?

१७ ऑगस्ट
गेला आठवडाभर तक्रार नाही! गोळीसुद्धा मागत नाही. ट्रीटमेंट लागू पडली म्हणायची. बायकोचं मात्र तिसरंच. म्हणे, पोरगी संडासात फार वेळ बसते आणि बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात. मोबाईल नेत असेल. मोबाईल माझ्याच खिशात होता. असो.

२६ ऑगस्ट
बबडी वर्गात कोसळली. अंगात ताप, संडासवाटे रक्त. बायको मला न विचारता तिला परस्पर हॉस्पिटलात घेऊन गेली. शटर ओढून धावलो. मुलांच्या पोटाच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. म्हणाल्या, आतड्याला आतून सूज आणि जखमा दिसतायत, मुलांत क्वचित होणारा आजार वाटतो, दुर्बीण घालून बघू. मी बायकोला म्हटलं, ऐकलंस ना, क्वचित. मग मला कसं कळणार? बायको माझ्याकडे बघतही नाही.

२९ ऑगस्ट
दुर्बिणीतून दिसलं, आजार तोच. जन्मभर सांभाळायचा. सूज जुनी आहे म्हणून आतडं एका जागी पार अरुंद झालंय, तेवढा तुकडा कदाचित कापावा लागेल. लवकर आणली असती तर ही वेळ आली नसती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग विचारलं, हिला पेनकिलर कोणी दिल्या, असल्या गोळ्यांनी जखमा आणखी वाढतात. मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या केमिस्टने. त्या म्हणाल्या, अशा माणसाचं लायसन्स काढून घ्यायला हवं. मी मान डोलावली. बायको खिडकीबाहेर बघत होती.

३१ ऑगस्ट, दुपारी
चहा घेऊन आलो तर पडद्याआड नर्स बबडीला विचारत होती, दुखतंय का. बबडी हळूच म्हणाली, दुखतंय, पण बाबांना सांगू नका. नर्सने विचारलं, का गं, रागावतात? ती म्हणाली, नाही, गोळी देतात. मग जास्त दुखतं.
आत गेलो नाही. जिन्यात बसलो. रडलो.
तेवढ्यात गल्लीतल्या एका बाईंचा फोन. मुलाचं पोट दुखतंय, काय देऊ? मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्या हसल्या. म्हणाल्या, म्हणून तर तुम्हाला फोन केला, डॉक्टरसाहेब.