तक्रारपेटीचा तळ

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. ज्या मुलाच्या घरी कुणालाच वाचता येत नाही, त्याने अडलेला अभ्यास कुणाला विचारायचा? मी घरातली पहिली पदवीधर, त्यातून शिक्षिका, पण मला याचं उत्तर येत नाही. का विचारतेय ते पुढे कळेलच. आधी सांग, गुडघे कसे आहेत? शिलाई मशीनचा पट्टा बदललास का? (पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या काकूंनाही नमस्कार. काकू, कंसातलं मनातल्या मनात वाचा.)

तर मुलांनी पुस्तकाबाहेरही काही शिकावं म्हणून मी शनिवारी शाळेत ‘शोधून आणा’ असा खेळ ठेवला. चार गट, दहा वस्तूंची यादी, अर्धा तास. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गोंधळ होईल. मी म्हणाले, गोंधळातूनच शिक्षण होतं. (असली वाक्यं मला झोपेतही सुचतात.) नऊ वस्तू साध्या होत्या. दहावी मी हौसेने घातली: ‘शाळेत आहे, पण कुणी कधी वापरत नाही असं काहीतरी.’ मला वाटलं, फार तर मोडकी खुर्ची आणतील. एका गटाने आग विझवायचं लाल नळकांडं आणलं. दुसऱ्याने प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा आणला, कवटी वेगळी. तिसऱ्याने चक्क पर्यवेक्षकांनाच हाताला धरून आणलं. सर कौतुकाने हसत आले, कारण त्यांना यादी कुणी दाखवली नव्हती. (नंतर दाखवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी खाणाखुणांनी बोलतात.)

चौथ्या गटाने तक्रारपेटी खिळ्यांसकट भिंतीवरून उपटून आणली. किल्ली कुणाकडेच नव्हती. मुलांनी पेटी हलवली, तळ निखळला आणि चिठ्ठ्या मैदानभर पसरल्या. पंखा फिरत नाही, नळाला पाणी नाही. लिहिणारी मुलं एव्हाना नोकरीला लागली असतील. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हणाले, “वाचा रे मोठ्याने, आपल्याकडे लोकशाही आहे!” शेवटची चिठ्ठी ताजी होती. ‘गृहपाठ चुकला की नव्या बाई विचारतात, घरी कुणी लक्ष देत नाही का? माझ्या आईला वाचता येत नाही. मग सगळे हसतात.’

आत्या, त्या नव्या बाई म्हणजे मीच. शाई जांभळी होती, आणि जांभळ्या शाईने लिहिणारी वर्गात एकच मुलगी आहे. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तू काजं करता करता माझ्याकडून धडा वाचून घ्यायचीस, मी अडखळले की नुसतं “पुन्हा” म्हणायचीस. तुला अक्षर येत नाही हे मला सातवीपर्यंत कळलं नव्हतं. आणि कळल्यावर मी काय केलं, तर शरमले.

सोमवारी वर्गाची माफी मागितली. जे हसले होते, त्यांच्यादेखत.

तुझी,
पदवीधर (!) भाची

ता. क. शिक्षकखोलीत मी तुला निवृत्त मुख्याध्यापिका करून ठेवलं होतं. पर्यवेक्षक तुझ्या शिस्तीचे दाखले द्यायचे. (काकू, हे मात्र मोठ्याने वाचा.)

आणखी एक. काल तिथेच उभी राहून खरं सांगितलं: माझी आत्या कपडे शिवते, अंगठा उठवते आणि मला वाचायला तिनेच लावलं. येत्या शनिवारी ती पालकांना घरी अभ्यास कसा घ्यायचा ते सांगायला येईल, हेही सांगून बसले. आधी तुला विचारायला हवं होतं. पण जांभळ्या शाईवालीच्या आईला आमंत्रण मी काल संध्याकाळीच तिच्या घरी जाऊन, तोंडी देऊन आले.