पिवळ्या कोटाचा फोटो

प्रिय वेराआजी,

तुम्हाला जाऊन महिना होत आला. आज लिहायला बसले, कारण सकाळी तुमच्या बहिणीचा फोन आला. तेव्हापासून दाराची बेल वाजली तरी उठवत नाही.

हॅनोव्हरच्या या बिल्डिंगमध्ये तुम्ही आमच्या खालच्या मजल्यावर राहायचात, माझं ऑफिस सुटेपर्यंत माझ्या मीराला सांभाळायचात. तुमच्या मुलाबद्दल, आंद्रेबद्दल, बोलायचं झालं की मात्र आधी नळ सोडायचात, पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "आजी, हे जर्मनी आहे, तुमच्या देशातलं मिन्स्क नाही," मी म्हणायचे. तुम्ही नुसत्या बघायचात. तेव्हाच नीट का नाही सांगितलंत?

"सोव्हिएत संघ गेला तेव्हा आम्ही रस्त्यावर नाचलो," तुम्ही एकदा म्हणालात. "पांढरा-लाल-पांढरा झेंडा आला. काही वर्षांतच तो काढून पुन्हा जुन्यासारखा आणला. मग निवडणुका होत राहिल्या, खुर्चीतला माणूस तोच."

तोच बंदी घातलेला झेंडा आंद्रेने मिन्स्कमधल्या घराच्या गॅलरीत लावला आणि तुरुंगात गेला. दर शनिवारी तुम्ही इथल्या स्टेशनसमोर त्याचा फोटो धरून उभ्या राहायचात.

तुमच्या दफनाला आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यात एक अनोळखी गृहस्थ, राखाडी सुटातले, फार सभ्य. प्रार्थना त्यांना तोंडपाठ होती. मीरा रडायला लागली तेव्हा त्यांनी खिशातून खाऊची गोळी काढून दिली, तिचं नाव विचारलं. मला वाटलं, तुमचे जुने स्नेही असतील.

आज तुमची बहीण शेजारच्या लिथुआनियात जाऊन तिथून बोलत होती. घरून बोललं तर फोन ऐकला जातो. मिन्स्कमध्ये तिला एका सरकारी ऑफिसात बोलावलं होतं. चहा दिला. "थडग्यावरची फुलं छान होती," असं म्हणत अधिकाऱ्याने टेबलावर तुमच्या दफनाचा एक फोटो ठेवला.

"तुझ्या मुलीचा कोट पिवळा आहे का?" तिने मला विचारलं.

त्या दिवशी मीराने तोच घातला होता.

"त्यांना तिचं नावही माहीत आहे," ती म्हणाली.

"मग आंद्रेसाठी आता कोणीच उभं राहायचं नाही का?"

ती म्हणाली, "बाहेर कोणी नाव घेत असलं की आत त्याला जरा जपून वागवतात. लोक विसरले की काहीही करता येतं."

"मुलीचा विचार कर," मंदार म्हणतोय. नवरा म्हणून, बाप म्हणून, तो चुकतोय का? नाही, आजी.

शनिवारी मीरा त्याच्याजवळ राहील. मी स्टेशनसमोर उभी राहीन. आंद्रेचा फोटो मोठा छापून घेतलाय, लांबूनही चेहरा ओळखू यावा असा. तो सुटेपर्यंत येत राहीन, हा माझा शब्द.

तुमची वरच्या मजल्यावरची,
सई