दक्षिण उतार कुणाला द्यायचा

मी, हेस्टर मॉड सॅमवेज, वय एकोणऐंशी, अविवाहित, धंदा मेंढपाळी, राहणार ऑलबरो टेकडीच्या पायथ्याचे घर, निदर कूम्ब, डॉर्सेट, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा कागद डॉक्टरांनी दिला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून भुलवावे इतके गोड माझ्याशी कोणी बोलतही नाही. याआधीचे मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे. या पत्राची अंमलबजावणी आमचे पाद्री मिस्टर क्रिचेल यांनी करावी.

कलम १. राहते घर, आतले सामान आणि बँकेत असेल ते माझा भाचा क्लाइव्ह याला मिळावे. तो दर नाताळला येतो, चहा अर्धा ठेवतो आणि खिडकीतून टेकडीकडे बघत म्हणतो, "मावशी, इथे पाइनची झाडं लावली तर वीस वर्षांत लाकूडच लाकूड." मुलगा वाईट नाही. टेकडी मात्र त्याला मिळू नये.

कलम २. खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेले मेंढपाळाचे मुकुट, नग सदतीस, गावच्या शाळेला द्यावेत. हे पाठीवर पाच रेघांची चांदणी असलेले गोल दगड आहेत. ते कट्ट्यावर असले की घरावर वीज पडत नाही असे माझी आई म्हणे, आणि पडली नाही हे खरे आहे. पण मुलांना हेही सांगावे की हे एकेकाळी समुद्रातले जीव होते. आपली सारी टेकडी अशाच जिवांच्या कवचांची झाली आहे. हे मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी सांगितले, तेव्हा मी चरायला सोडलेली मेंढरे विसरून खाली बसले आणि जमिनीला कान लावला. समुद्र ऐकू आला नाही, पण तेव्हापासून टेकडीवर पाय टाकताना मी जरा जपूनच टाकते.

कलम ३. कपाटात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले हरणाचे शिंग आहे, ते जिल्ह्याच्या संग्रहालयात जावे. माथ्यावरच्या जुन्या खंदकाच्या काठी एका चिचुंद्रीने माती उकरून ते वर काढले. खंदक खोदणाऱ्यांकडे लोखंड नव्हते, अशा शिंगांनीच त्यांनी टेकडीचा पांढरा खडूचा दगड फोडला. मुठीजवळ एक खाच झिजली आहे. मी अंगठा ठेवला तर तो तिच्यात बरोबर बसला. चार-पाच हजार वर्षांपूर्वी कोणाचा तरी अंगठा रोज तिथे बसत होता. त्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला आणि उशीर का झाला हे मी कोणाला सांगू शकले नाही.

कलम ४. पुरताना माझ्या हातात लोकरीचा एक पुंजका द्यावा. मेंढपाळाला देतात, तसा मलाही द्यावा. निवाड्याच्या दिवशी रविवारच्या प्रार्थनांना मी का नव्हते हे देवाला लगेच कळेल. बाई आहे म्हणून कोणी काटकसर करू नये.

कलम ५. आता दक्षिण उतार.

या उताराचे हातभर गवत मी एकदा पोटावर पडून मोजले. एवढ्याशा जागेत छत्तीस जातींची रोपे निघाली. काहींची फुले टाचणीच्या डोक्याएवढी होती, तर एकाचे फूल हुबेहूब मधमाशीसारखे होते. आणि मे महिन्यात त्यावर निळी फुलपाखरे उतरत. तसा निळा रंग मी इतरत्र कुठे पाहिला नाही, आकाशातही नाही. एके काळी चालताना ती धुळीसारखी उडत, आणि मला रडू येई, हे इथे कबूल करते.

त्या उतारावर पूर्वी शेजारचा अ‍ॅम्ब्रोज स्टिकलंड मेंढरे चारी. कागद नव्हता, हातात हात देऊन ठरले होते. १९५५ साली मला वाटले, एवढी खुरे त्या फुलपाखरांना तुडवणार. मी पुस्तके मागवली, पत्रे लिहिली आणि मग सगळ्या उताराला तारेचे कुंपण घातले.

अ‍ॅम्ब्रोज फाटकाशी आला. "मेंढरं काढलीस तर तुझी फुलपाखरंही जातील," तो म्हणाला.

"तुझ्या मेंढरांनी सांगितलं वाटतं?"

"तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

त्यावर मी जे बोलले ते पाद्रींना वाचावे लागेल म्हणून लिहीत नाही. तेव्हापासून एकतीस वर्षे आम्ही बोललेलो नाही. चर्चमध्ये तो डावीकडे बसतो, मी गेलेच तर उजवीकडे.

कुंपणाआड गवत गुडघाभर वाढले. त्याच सुमारास रोगाने ससेही मेले, त्यामुळे ते कुरतडायला कोणीच उरले नाही. नंतर मला समजले की या फुलपाखरांच्या अळ्यांना मुंग्या सांभाळतात, गायीगत चाटतात आणि राखतात. त्या मुंग्यांना उन्हाने तापलेली जमीन लागते, आणि जमीन तापायला गवत आखूड लागते. म्हणजे मेंढी, गवत, मुंगी आणि तो निळा रंग एकाच दाव्याला बांधलेले होते, आणि दावे मी कापले. सहा वर्षांत फुलपाखरे संपत आली. गेल्या मे महिन्यात उताराच्या टोकाच्या जुन्या खडूच्या खाणीच्या कडेला, जिथे थोडे ससे परतले आहेत, मी चार मोजली. यंदा गवत चरले गेले नाही तर तीही राहणार नाहीत.

मी कुंपण का काढले नाही? काढले असते तर अ‍ॅम्ब्रोजने पाहिले असते. दुसरे काही कारण नव्हते.

म्हणून दक्षिण उतार, माथा आणि खंदक यांसह सारी टेकडी अ‍ॅम्ब्रोज स्टिकलंडला मिळावी. त्याचे म्हणणे बरोबर होते, हे वाक्य माझ्या दफनानंतर त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. तो उजव्या कानाने बहिरा आहे.

कलम ६. हे कलम आज, सह्या करायच्या वेळी, टेबलावरच लिहीत आहे.

साक्षीदार दोन हवेत. पाद्री एक झाले. दुसरा म्हणून मी अ‍ॅम्ब्रोजला निरोप धाडला. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, तो नुसती सही करून जाईल आणि बाकीचे माझ्यामागे त्याला कळेल, असा माझा हिशेब होता. तो आला, टोपी काढली आणि लेखणी उचलली.

पाद्री म्हणाले, "थांबा. हेस्टरबाई, ज्याला काही द्यायचंय त्याने साक्ष केली तर ते त्याला मिळत नाही. मग जवळचा वारस म्हणून टेकडी क्लाइव्हकडे जाईल."

"माझं नाव आहे यात?" अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "शिव्यांच्या यादीत?"

आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती. मी कलम पाच मोठ्याने वाचले, त्याच्या डाव्या कानाशी, शेवटच्या वाक्यासकट.

त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "हेस्टर, मला काही माहीत नव्हतं गं. मुंग्या-बिंग्या आत्ता ऐकतोय. मला चराई हवी होती, म्हणून तोंडाला आलं ते बोललो."

"काय सांगतोस?"

"देवाशप्पथ. आणि एकतीस वर्षं मला वाटायचं, फुलपाखरं खरंच गेली म्हणून ही माझं तोंड बघत नाही. माझीच दृष्ट लागली म्हणून."

पाद्री खिडकीबाहेर बघू लागले. मी पुस्तके वाचून चुकले आणि हा न वाचता बरोबर ठरला, आणि दोघांनाही टेकडीने एकदा विचारले नाही. मला हसू आले, मग ते हसू राहिले नाही. कलम पाच आहे तसेच कायम.

"सही पोस्टाची डोरीन करेल," मी म्हणाले. "तू बस, चहा घे. टेकडी काय, मी मेल्यावर तुझी होईलच."

"गवत तुझ्या मरणाची वाट बघत थांबणार नाही," तो म्हणाला. "तार कापायची पक्कड आहे का घरात?"

पक्कड दिली. डोरीन पत्रे घेऊन आली तेव्हा आम्ही तिघांनी खिडकीशी उभे राहून पाहिले. म्हातारा वाकून एकेक तार तोडत होता, आणि कुंपणापलीकडच्या त्याच्या रानातल्या चाळीस मेंढ्या मोकळ्या जागेतून उतारावर शिरत होत्या. त्या ढकलाढकली करत नव्हत्या, एकामागून एक जात होत्या. आता सह्या करतो.

लिहून देणार: हेस्टर मॉड सॅमवेज (सही)

आम्ही दोघांनी हेस्टर सॅमवेज यांना आमच्यादेखत सही करताना पाहिले. मग त्यांच्यादेखत आम्ही सह्या केल्या:
१. लायोनेल क्रिचेल, पाद्री, निदर कूम्ब (सही)
२. डोरीन गप्पी, टपाल वाटप, निदर कूम्ब (सही)

स्थळ: टेकडीच्या पायथ्याचे घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ एप्रिल १९८६