अर्ध्यावरचा चाप

३ फेब्रुवारी

चि. बारकीला,

तुला आशीर्वाद, पोरांना पापे. तुझ्या मालकांना नमस्कार सांग आणि म्हणावं दाढी करत जा. मागच्या फोटोत ओळखलेच नाहीत, मला वाटलं तुझा सासरा उठून आला.

इकडे सगळं ठीक. तुझे दाजी आहेत तसेच. झटका येऊन वर्ष व्हायला आलं, उजवी बाजू अजून मेलेली. तोंडातून शब्द नाही, नुसता घशातला आवाज. सकाळी अंग पुसते, भात मऊ करून भरवते, कूस बदलते, मग खाली दुकानात येऊन सोफ्यांच्या खोळी शिवायला बसते. वर त्यांच्या उशाशी ठेवलेली घंटा वाजली की सुई टोचून ठेवायची आणि जिना चढायचा.

तू म्हणतेस पत्राची कटकट कशाला, फोन कर. अगं, दुकानाचं छत म्हणजे वरच्या खोलीची लाकडी जमीन. माझ्या हातून कात्री पडली तरी वर कळतं. तुझ्याशी बोलताना मला वरून कुणी ऐकलेलं नको. म्हणून हे चौथी पास अक्षर गोड मानून घे.

आता बातमी. आधी बूड टेक. मी रिव्हॉल्व्हर घेतलं.

खेळण्यातलं नाही. परवाना काढून, दुकानात जाऊन, रीतसर. बाजारात चोऱ्या वाढल्यात. चष्मेवाल्याचं शटर वाकवलं मागे. मालक अंथरुणाला आणि बाई एकटी हे सगळ्यांना ठाऊक. परवान्याच्या साहेबालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "बाई, चोर काय सोफे उचलून नेणार?" मी म्हटलं, "तुमच्याकडचं तरी काय नेणार? तरी कुलूप लावताच ना?" हसला आणि सही केली.

बंदुकीच्या दुकानात एक म्हातारा, जाड भिंगाचा. मला बघून म्हणाला, "साहेबांसाठी का?" म्हटलं, "साहेब घंटा वाजवतात, तेवढं पुरे. माझ्यासाठी." मग त्याने एक नखरेल चिमुकलं काढलं, मुठीला शिंपल्यासारखी चकाकी. मी म्हटलं, आजोबा, मला लग्नाला जायचं नाहीये. तेव्हा कुठे हे काढलं. काळं, आखूड, ओबडधोबड. हातात घेतलं तर माझ्या जुन्या कात्रीएवढं जड. म्हणजे बरोबर.

नेम धरायला पुढे नळीवरच एक टोक आहे आणि मागे लोखंडातच कोरलेली खाच. दोन्ही पक्की. इकडे तिकडे सरकवायची सोय नाही. म्हातारा म्हणाला, "हलवायला काही नाही, म्हणजे बिघडायला काही नाही." आणि गोळीवर आपटणारा मागचा घोडा आधी हाताने ओढायची गरज नाही. चाप ओढत गेलं की गोळ्यांची चकरी आपली आपण फिरते, घोडा आपला आपण मागे जातो आणि पडतो. चाप मात्र लांब आणि जड. "बायकांना जड जातो," म्हणाला. मी ओढून दाखवला. पंचवीस वर्षं गाद्यांमधून सुतळी ताणलीय, त्याला काय माहीत.

तू महिनाभर ये म्हणतेस, मागची खोली रिकामी आहे म्हणतेस. कशी येऊ? दिराला विचारलं होतं, चार दिवस भावाला बघशील का. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त." निर्धास्त राहायचं त्यांनी, आणि धास्ती ठेवायची माझ्याकडे.

चोरांचं म्हणशील तर शटर आपलं मजबूत आहे. दोन कुलपं आहेत. जिन्याच्या दाराला पण मी कडी बसवून घेतली, दुकानाच्या बाजूने. हे कशाला लिहिलं कोण जाणे. असू दे, खाडाखोड केली की पत्र घाण दिसतं.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र आलं. चार पानं नुसती ओरडलीस. "ताई, तुला वेड लागलंय का, घरात आजारी माणूस आणि तू बंदुका घेतेस." वेड लागायला फुरसत लागते, बाई.

मी चालवायलाही शिकतेय. गावाबाहेर एक लांब शेड आहे, टोकाला मातीचा ढिगारा, त्याच्यापुढे कागद टांगतात. शिकवणारा निवृत्त फौजी, सगळे त्याला फौजीच म्हणतात. कानाला जाड झाकणं लावून ओरडून बोलतो, त्यामुळे आमचं बरं जमतं.

पहिल्या दिवशी सहाच्या सहा गोळ्या खाली, डावीकडे. कागदाच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, हे टोक वाकडं आहे, जरा कानस मारून सरळ करा. आपण सोफ्याचा पाय नाही का घासत? फौजीने माझ्या हातून घेतलं, दोन झाडल्या, दोन्ही मधोमध. म्हणाला, "बाई, ती सरळ आहे. आणि तिचं काही हलत नाही, म्हणून तिच्यावर ढकलता येणार नाही."

"मग काय माझा डोळा फुटलाय?"

"डोळा नाही. थांबा, दाखवतो."

त्याने पाठ फिरवून चकरीत काडतुसं भरली, मधेच कुठेतरी एक रिकामं सरकवलं आणि हातात दिलं. मी झाडली, झाडली, आणि तिसऱ्याला नुसतं खट झालं. आवाज नाही, धक्का नाही. पण बारके, नळी खाली गेली होती. खांदे वर, मान आत, डोळे गच्च. काहीच झालं नव्हतं आणि मी मात्र मार खाल्ल्यासारखी उभी.

फौजी म्हणाला, "बघितलंत? आवाज व्हायच्या आधीच दचकता तुम्ही. गोळी सुटायच्या आधीच." आणि हसत हसत, सहज, "घरी कुणी मारतं का काय?"

मी म्हटलं, "तुम्ही पगार शिकवायचा घेता की चौकशीचा?"

पुढे तो हसला नाही. पुन्हा भरून दिलं. आता दर खेपेला मधे एखादं रिकामं घालतो. म्हणतो, कुठलं भरलेलं हे ठाऊक नसलं की अंग हळूहळू थांबायला शिकतं. आणखी एक सांगतो. "चाप अर्ध्यावर धरून उभं राहायचं नाही. ओढायचा तर पुरता ओढा, नाहीतर पुरता सोडा. अर्ध्यावर हात थरथरतो आणि नेम कुणाचाच राहत नाही."

बोटात अजून जोर हवा म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितलाय. चेंडू घरात आहेच. व्यायामवाली पोरगी येते ना दाजींसाठी, तिने त्यांच्या उजव्या मुठीसाठी दिलाय. त्यांचं दाबून झालं की मी जिन्यात बसून दाबते. एकच चेंडू, दोघांची मूठ. हसू येतं कधी कधी.

आणि हो, त्यांची बोटं हलायला लागली. व्यायामवाली टाळ्या वाजवते. म्हणते, "काकू, तुमच्या सेवेला फळ आलं!" शेजारच्या खुर्च्यांच्या दुकानातली बाई पण येऊन गेली, म्हणाली पुण्यवान आहेस. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी हसले. हसावं लागतं.

व्यायाम दिवसातून तीनदा करून घ्यायचा असतो. ती विचारते, "तीनदा झाला ना?" मी म्हणते, झाला. एकदाच करते, बारके. कधी तोही नाही.

या पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ताई


१९ मार्च

माझ्या बारके,

उत्तर देऊ नको म्हटलं तरी तू एका ओळीचं पत्र पाठवलंस. "ताई, दाजी तुला मारायचे का?" वाचलं आणि तिथंच गाद्यांच्या ढिगावर बसले. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. तिला माहीत असणार, म्हणूनच नाही.

हो. तुझ्या लग्नात माझा दात नव्हता, तो जिन्यावरून पडून नव्हे. जिन्यावरून पडले होते हे खरं, पण आपली आपण कोण पडतं? उजवा हात त्यांचा. तोच, जो आता चेंडू दाबतो. झटका आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले उजवी बाजू गेली, आणि मी रडले. लोकांना वाटलं नवऱ्यासाठी. वर्षभर झोपले मी, बारके. खरी झोप. त्यांचं सगळं केलं, घाण काढली, त्यात मला काही वाटलं नाही. पडलेल्या माणसाचं करायला मला जड नाही. उठणाऱ्याचं भय आहे.

मागच्या आठवड्यात ते बोलले. व्यायामवाली त्यांना उभं करत होती, मी पाठीमागून धरलं होतं. माझा हात जरा निसटला. मान फिरवून माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "अवदसे."

वर्षातला पहिला शब्द. पोरगी आधी आनंदाने ओरडली, मग लाजली. म्हणाली, "काकू, मनावर घेऊ नका हं. पुष्कळ पेशंटांना आधी शिवीच येते."

मी म्हटलं, "यांना पहिल्यापासून आधी शिवीच येते."

तिला विनोद वाटला. जाताना म्हणाली, आता जिन्याचा सराव करू.

त्या दिवसापासून रिव्हॉल्व्हर एप्रनच्या खिशात, भरलेलं. जिन्याच्या दाराला कडी. वर जेवण द्यायला जाताना पण खिशात. भात भरवताना ते मांडीला लागायचं.

आता कालचं सांगते. मी मशीनवर जाड कापड शिवत होते, मशीनचा आवाज मोठा. व्यायामवाली येऊन गेली होती आणि जाताना जिन्याची कडी उघडीच राहिली. माझी चूक नाही, तिची, तिला काय ठाऊक ती कशासाठी आहे. मशीन थांबवलं आणि पाठीमागे श्वास ऐकू आला.

उभे होते. एकटे उतरून आले होते. एक हात कठड्याला आणि उजवा हात वर, खांद्याच्या वर.

मी वळले तेव्हा रिव्हॉल्व्हर माझ्या हातातच होतं. कधी काढलं सांगता येत नाही. टोक खाचेत बसलं होतं, त्यांच्या छातीवर, आणि बोट ओढत होतं. चकरी फिरायला लागलेली मला जाणवली. घोडा मागे चालला होता. आणि बारके, मी दचकले नव्हते. मान सरळ, डोळे उघडे. फौजीने बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

दचकले ते. आवाज व्हायच्या आधीच. डोळे गच्च, मान आत, खांदे वर. वर गेलेला हात तोंडावर धरला, असा वाकडा, जसा मी धरायची तसाच. आणि मुठीतून चेंडू पडला. टप्पे खात सोफ्याखाली गेला.

चेंडूच दाखवायला आले होते की काय? हात वर नेता येतो हे दाखवायला? का दुसरंच? मला कधीच कळणार नाही. विचारलं तर शिवीच येईल.

मी बोट सोडलं. हळूहळू, पुरतं. घोडा जागेवर गेला. म्हटलं, "बसा." बसले. त्यांना पाणी दिलं. प्याले, पण नजर खिशावर.

आज सकाळपासून घरात एकदम शांतता आहे. घंटा नाही. भात भरवायला गेले आणि रुमाल काढायला खिशात हात घातला तर त्यांनी मान आत घेतली. एवढा मोठा माणूस. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. छान वाटलं. दुसऱ्यांदा मी उगाचच खिशात हात घातला.

तेव्हा मला भीती वाटली, बारके. त्यांची नाही.

दुपारी शटर ओढलं, बंदूकवाल्या म्हाताऱ्याकडे गेले आणि ते जमा करून आले. म्हणाला, "काही बिघडलं का?" म्हटलं, "तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही, तुम्हीच म्हणाला होतात." रिकाम्या खिशाने घरी आले. खिशात आता चेंडू आहे. वर त्यांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं ते अजून आहे. जोवर वाटतंय तोवर मी इथे उभी राहू शकते. कधीतरी कळेलच. हात तर रोज सुधारतोय, ती पोरगी फार मन लावून शिकवते.

दिराला निरोप धाडलाय. भाऊ तुझा, दुकान तुमच्या दोघांचं, येऊन सांभाळ, आता तू धास्ती ठेव. येतो म्हणालाय, कधी ते म्हणाला नाही. तो येईपर्यंत भात मऊ करीन. तो आला नाही तर काय, ते मला माहीत नाही. उपाशी माणसाला टाकून निघायचं धाडस माझ्यात आहे की नाही, हेही माहीत नाही.

म्हणून विचारते. तू पाचदा म्हणालीस, मी पाचदा नको म्हटलं. ती मागची खोली अजून रिकामी आहे का? तुझ्या मालकांना विचारून सांग, मनाने हो म्हणू नकोस. खोली आहे असं तुझ्या हातचं लिहिलेलं आलं, तर मी निघेन. कागद समोर असला की मला पाय उचलता येईल.

लवकर लिही. मी चाप अर्ध्यावर धरून उभी आहे.

तुझी,
दात नसलेली ताई