हिरव्या खोलीची जागा

पिपरी मेघे
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
वच्छलाचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही बरे आहो. तुम्ही तिकडे बरेच असान, ते विचारत बसली तर पान भरते. म्हणून कामाचं सांगतो. दादा, आम्ही पिकअप विकून राह्यलो! खोलीसकट!

फोन केला असता, पण फोनवर तुले काही ऐकू येत नाई अन् मी मोठ्यानं बोलली की सारी गल्ली ऐकते. म्हणून लिहून राह्यली. चौथीतली अक्षरं आहेत, समजून वाचजो, नाई समजलं तर वहिनीले विचारजो.

बोरगाव मेघेले रस्त्याच्या कडेलेच एक दुकान भेटून राह्यलं. समोर दुकान, मागं दोन खोल्या, मोरी, जरासं आंगण. दुकानवाला होळीपर्यंत थांबतो म्हणे, मंग दुसऱ्याले देईन. गाडी विकली तर दुकान, नाई तर पुन्हा जत्रा अन् जत्रा. आचल पहिलीत होती तवापासून तुह्या घरी आहे. तू अन् वहिनीनं तिले पोटच्या लेकीवाणी केलं. त्याचं मी बोलत नाई, बोलायले बसली का रडायले येते अन् मले रडायले टाइम नाई. पण पोट्टीची बारावीची परीक्षा आता होऊन जाते. मंग कॉलेज, मंग लग्न, मंग ती गेलीच. मधातले हे दोन-तीन वर्ष मले तिच्यासंगं एका छपराखाली पाह्यजेत. बस, एवढंच पाह्यजे.

गाडीचं तुले मालूमच आहे. तुह्या जवायानं, म्हंजे आमच्या ह्यायनं, तिले लेकरावाणी ठेवलं. तिचं तेल टाइमावर, माह्या चहाचा टाइम कोणाले मालूम नाई. मागची खोली त्यायनं सोता बांधली, लाकडाची चौकट अन् वरून पत्रा. चार जॅकवर उचलायची, खालून गाडी मागं घ्यायची, का खोली बसली हौद्यात. काढायची तर तशीच काढायची. आत झोपायचा पाट, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, जाळीची खिडकी. पावसाचा थेंब आत आला नाई कधी. चाळण्या-झारे-पोळपाट विकत आम्ही सारा जिल्हा फिरलो, पण कोणाच्या ओसरीत झोपायची पाळी आली नाई.

अन् घेणाऱ्याले हे नक्की सांगजो. जत्रेतली जागा माणसाची नसते, गाडीची असते. आमची हिरवी खोली दिसली का दुकानदाराइची सारी ओळ सरकून जागा देते. महादेवाच्या जत्रेत चिंचेखालची जागा आमची, एका बाजूले पंचफुला बांगडीवाली, दुसऱ्या बाजूले तानबा रेवडीवाला. जो गाडी घेईन त्याले ते सारं गाडीसंगं भेटते. पोटापाण्याची बसलेली जागा आहे, दादा. असं गिऱ्हाईक पाह्य जे उचलून नेईन. अन् लवकर पाह्य!

वहिनीले नमस्कार, आचलले पप्पी. माया आहे तशीच ठेवजो, पत्र मात्र लवकर धाडजो.
तुही, वच्छला


नाचणगाव
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. वच्छला हिस,
प्रभाकरचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वाचताना तुझा आवाज कानात आला, म्हणजे माझे कान अजून पुरते गेले नाहीत.

गिऱ्हाईक सापडलं आहे. आमच्या मळ्याकडे मनोहरराव म्हणून आहेत, वांगी लावतात. बाजारात वांग्याला भाव मिळत नाही म्हणून त्यांची बायको मनकर्णा हिच्या डोक्यात आलं आहे की वांगी विकण्यापेक्षा जत्रेत जाऊन भरीत-भाकर विकावी. मी तुझ्या गाडीचं सांगितलं तर बाई उभ्याची बसली नाही, आजच पाहू म्हणे. मनोहरराव मात्र संशयी माणूस आहे. दूध घेतलं तरी बोट बुडवून पाहतो. ते रविवारी तुमच्याकडे येतील. तेव्हा वच्छे, जरा तोंड सांभाळ. मागच्या वेळी स्कूटर पाहायला आलेल्या माणसाला तू चहा पाजून हाकलून दिलं होतं.

आचलचा अभ्यास ठीक आहे. तिला सांगितलं की आई-बाबा गाडी विकतात. तिनं एवढंच विचारलं की हिरवी खोलीसुद्धा जाणार का. मी हो म्हटलं तर पुस्तकात डोकं घालून बसली. काय ते मला कळलं नाही. तुझ्या वहिनीनं तुला जवसाची चटणी पाठवायची म्हणून कुटून ठेवली आहे, मनोहररावांसोबत पाठवतो. डबा परत करशील अशी आशा नाही, पण विनंती आहे.

हेमराजरावांना नमस्कार. आमच्यावर रागावलीस तरी विसरू नको, एवढंच मागणं.
तुझा दादा


पिपरी मेघे
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
वच्छलाचा सा. न. वि. वि.

चटणी संपली. डबा आहे.

दादा, जमून राह्यलं! मनोहरराव अन् मनकर्णाबाई येऊन गेले. मी तोंड सांभाळलं, पण तुह्या जवायानं उघडलं. गाडीची एक-एक खोड त्यायले सांगून राह्यले. थंडीत सकाळी पहिल्यांदा खोकलते, डाव्या दाराले जोर लागते, काही ठेवलं नाई. मी डोळे वटारले तर म्हणे का घेणाराले मालूम पाह्यजे. मनोहरराव गाडीखाली शिरले, वर चढले, टायरावर लाता मारल्या. अन् ते बाई कुठं असन? खोलीत! लोक गाडी चालवून पाह्यतात, हिनं भाकर थापून पाह्यली. संगं पीठ घेऊन आलती. दार लावलं, शेगडी पेटवली, भाकर केली, आम्हा साऱ्याइले तुकडा तुकडा देल्ला अन् म्हणे धूर बराबर खिडकीतून जाते, गाडी चांगली आहे. मले तर ते बाई तथीच पटली.

पण मनोहररावाचं घोडं जागेपाशी अडलं. म्हणे जागा गाडीची असते हे आम्ही कसं मानावं? मंग त्यायनं शर्त घातली. शिवरात्रीच्या जत्रेले ते दोघंच गाडी घेऊन जातीन. आम्ही संगं जायचं नाई, कोणाले फोन करायचा नाई, मागून दुपारच्या बसनं यायचं. चिंचेखाली जागा भेटली तर सौदा पक्का, नाई भेटली तर गाडी परत. मी म्हणलं, लावा शर्त! डोळे मिटून जा, जागा तुमची वाट पाह्यत असन. आता होळीच्या आधी सारं होऊन जाते पाह्य.

अन् एक गंमत. गाडी विकायची तर नवरीवाणी दिसली पाह्यजे का नाई? मी ह्यायले म्हणलं का तो हिरवा रंग उडून गेला, पार शेवाळावाणी दिसते. तर ह्यायनं खोली घासून वरून पांढरी रंगवली, बगळ्यावाणी! रंग मीच पसंत करून आणला. इतकी चमकते का बाजूवाली येऊन पाह्यून गेली. दादा, तू पाह्यशीन तर म्हणशीन का विकू नको.

आचलले सांगजो, पेपर सोडून दुसरं काही डोक्यात आणू नको. तुह्या कानाची काळजी घे, माह्यावर जीव आहे तसा राहू दे.
तुही, वच्छला


नाचणगाव
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वच्छलास,
अ. उ. आ.

हे काय करून ठेवलं तुम्ही? काल संध्याकाळी मनोहरराव एकटेच एसटीनं परत आले आणि थेट माझ्या दुकानात येऊन उभे. ते इतक्या जोरानं बोलत होते की मला सगळं ऐकू आलं. म्हणे तुमची बहीण खोटारडी आहे. चिंचेखालच्या जागेत गाडी लावायला गेले तर एका बांगडीवालीनं झाडू घेऊन हाकललं. पार नदीच्या रेतीत, जिथं कुत्रंही येत नाही, तिथं गाडी लावावी लागली. सौदा मोडला म्हणे. मी त्यांना दहा वेळा सांगितलं की वच्छला तोंडाची फटकळ आहे, पण खोटी नाही. ऐकायला तयार नाहीत.

आणि त्यांची बायको कुठं आहे? मी विचारलं तर आणखीच भडकले. म्हणे ती आली नाही, तिला तिथंच राहायचं होतं, राहू दे. फोन दोघांत एकच, तो यांच्या खिशात. आपली बायको जत्रेत सोडून माणूस इथं माझ्या बाकावर बसून चहा पीत होता, मी काय समजू?

आचलला काही कळू दिलं नाही. तिचे पेपर चालू आहेत. पण तुमच्या बोरगावच्या दुकानाचं काय होईल याची मला काळजी लागली आहे. लगेच लिही. रागानं लिहिलं असेल तर पोटात घाल.
तुझा दादा


पिपरी मेघे
३ मार्च २०२५

ती. दादास,
वच्छलाचा सा. न. वि. वि.

तुही चिठ्ठी आज भेटली. तवापर्यंत सारं होऊन गेलतं. आता बस अन् शांतीनं वाच, वहिनीलेही बसव.

आम्ही दुपारी बसमधून उतरलो तर मनोहरराव जत्रेच्या फाटकापाशीच भेटले. ह्यायले नाई ते बोलले अन् आम्ही आलो त्याच बसमधी चढून गेले. मनकर्णाबाई काही हालली नाई. ते म्हणे मी पीठ भिजवलं, वांगे भाजले, हे फेकू काय? मी तिचा हात धरला अन् तशीच पंचफुलेपाशी गेली. भांडायचंच होतं मले. जाऊन पाह्यतो तर का पाह्यतो!

दादा, जत्रेत पाय ठेवायले जागा नाई. पाळणे, खेळणेवाले, प्रसादवाले, एकाच्या अंगावर दुसरा. अन् चिंचेखाली आमची जागा रिकामी! बराबर गाडी माईन एवढी! पंचफुलेनं दोरी बांधून ठेवलेली, तानबानं कोपऱ्यावर चुना टाकून गोटे मांडलेले. मले पाह्यल्याबराबर पंचफुला माह्यावरच उलटली. म्हणे सकाळपासून तुह्या हिरव्या खोलीसाठी लोकाइसंगं भांडून माहा गळा बसला, एका पांढऱ्या गाडीवाल्याले तर झाडू दाखवला, अन् तू आता येतं काय हात हलवत?

ते पांढरी गाडी आपलीच होती, हे सांगायची मले लाज वाटली. पण सांगतलं. पंचफुला कपाळाले हात लावून खाली बसली. म्हणे तोंड धुवायचं सोडून तू तोंडच बदलून आली. तानबा तर रेवडीच्या टोपल्यावर डोकं ठेवून हासून राह्यला. ह्यायले मी म्हणलं का तुमच्यानं झालं, तर हे म्हणे का रंग कोणी आणला? मंग मी चूप बसली. मी चूप बसली म्हणून ओळीतले सारे अजून हासले.

पण मनकर्णाबाई हासली नाई. ते त्या रिकाम्या जागेकडे पाह्यत उभी होती. मंग दोरीले हात लावला अन् म्हणे, वच्छलाबाई, एवढ्या गर्दीत कोणी नसतानी जागा राखून ठेवतात, याच्यापेक्षा अजून कोणता पुरावा पाह्यजे? आमच्या घरच्यानं हे पाह्यलंच नाई. मी घेतो गाडी. पण मले हिरवी पाह्यजे.

आता बाप्पा, हिरवा रंग आणायचा कुठून! ह्यायनं खोलीच्या मागच्या दाराचा कोपरा नारळाच्या शेंडीनं घासला तर खालचा जुना हिरवा निघाला. कोणी म्हणे पोपटी, कोणी म्हणे मेथीवाणी. पंचफुलेनं बांगड्याचे सारे जोड त्या कोपऱ्यापाशी धरून पाह्यले. एक बांगडी अशी बसली का ओळखू येईना. ते बांगडी घेऊन हे गावात गेले अन् तोच रंग मिळवून आणला. गाडी रेतीतून काढायले साऱ्या ओळीनं धक्का मारला. दार हिरवं केलं, बाकीची पांढरीच राह्यली. तशाच ओल्या रंगात आम्ही चिंचेखाली लागलो. मनकर्णाबाईच्या पदराले रंग लागला, तिनं पाह्यलंही नाई. तिच्या भरताच्या वासानं माणसं ओढून आणली, दादा! मले चाळण्या मांडायले जागा नाई, मी खाली बसून भाकरी थापल्या. सांजेपर्यंत एक वांगं उरलं नाई. पहिली ताटली तिनं पंचफुलेले देल्ली, दुसरी तानबाले. मी काही शिकवलं नाई, तिले सोताच समजलं. मी ओळीले सांगतलं का आजपासून हे हिरवी खोली हिची आहे. पंचफुला म्हणे खोली कोणाचीही असो, भरीत असंच पाह्यजे.

दुसऱ्या दिवशी मनोहरराव आले. रेतीत पांढरी गाडी शोधत फिरले, नाई सापडली. त्यायले वाटलं आम्ही गाडी अन् बायको दोन्ही पळवली. शेवटी एका फुगेवाल्याले विचारलं का ते भरीतवाली बाई कुठं? तो म्हणे हिरव्या दारापाशी. आले, उभे राह्यले, बायकोनं हातात परात देल्ली अन् बाजारातून आणलेले वांगे सोलायले बसवलं. परात भरल्यावर म्हणे, गाडी घेतो.

सौदा झाला, दादा! हे आता नाचणगावले मनोहररावाच्या मळ्यात खोली जॅकवर ठेवून बाकीची हिरवी करून राह्यले. विकलेल्या गाडीची एवढी सेवा कोणी करते काय? करू दे. त्यायचं मन तथीच आहे अजून. जेवायले तुह्याकडे येतीन, त्यायले कांदा कमी देजो. तिकून आल्यावर आम्ही दोघं मिळून दुकानवाल्याले पैसे देऊ.

माह्यावर लोभ तर आहेच तुहा, त्याले वाळवी लागू देऊ नको.
तुही, वच्छला


नाचणगाव
१० मार्च २०२५

चि. सौ. वच्छलास,
अ. उ. आ.

हेमराजरावांनी गाडी अशी रंगवली आहे की मनोहरराव आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, मी शर्त लावली म्हणून जागेची खात्री झाली. मी ऐकू येत नसल्यासारखं करतो. निघताना हेमराजरावांनी गाडीच्या पुढच्या काचेवरून हात फिरवला आणि लगेच मागं न पाहता बसस्टँडकडे चालू लागले. उरलेला रंगाचा अर्धा डबा मात्र काखेत घेऊन गेले. कशाला, ते बोलले नाहीत.

आचलचा शेवटचा पेपर झाला की पाठवून देतो. तुझी वहिनी आतापासूनच तिची पेटी भरते आणि पुन्हा उपसते. आमचं घर रिकामं होईल, पण ते तुला सांगून काय उपयोग, तू नाचत असशील. नाच.

चटणीचा डबा तू हेमराजरावांजवळ परत पाठवला नाहीस, हे ध्यानात आहे. तरी आशीर्वाद कमी केलेले नाहीत.
तुझा दादा


बोरगाव मेघे
२६ मार्च २०२५

ती. दादास,
वच्छलाचा सा. न. वि. वि.

वरचा पत्ता पाह्यला काय? पुन्हा पाह्य! दादा, आपलं दुकान! समोर चाळण्या टांगल्या, मागं चूल मांडली. सकाळी उठली तर घर जाग्यावरच! पहिल्या दिवशी मी तीनदा दार उघडून पाह्यलं का बाहेर तोच रस्ता आहे काय.

सोमवारी आचल येणार म्हणून मी लौकरच बसस्टँडवर जाऊन उभी राह्यली. एक बस गेली, दुसरी गेली, पोट्टीचा पत्ता नाई. तिचा फोन बंद. तिनं दुकान पाह्यलेलं नाई, गावाच्या बाहेर एकसारखे शटरं, पाटीही आपण अजून लावली नाई. कंडक्टरसंगं भांडली, चौकीदारासंगं भांडली, मंग ऑटो करून पळत घरी आली का ह्यायले संगं घेऊन शोधायले जावं.

येऊन पाह्यतो तर आचल गल्ल्यावर बसून एका बाईले पोळपाट विकून राह्यली. तिची पेटी पायापाशी, बस आधीच्या चौकातच सोडून ऑटोनं आलती. हे बाजूले उभे राहून नुसते पाह्यत होते. मी ओरडली का अवो, तुले सापडलं कसं, कोणाले विचारलं?

तिनं बाहेर बोट दाखवलं. त्या उरलेल्या अर्ध्या डब्यानं ह्यायनं शटर हिरवं केलं होतं, दुपारचं ते अर्धं खालीच असते. मी म्हणलं, मंग? तर पोट्टी म्हणे का उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यासंगं जत्रेत यायची तवा गर्दीत हरवली का रडायची नाई, उंच जागेवर चढायची अन् हिरवं कुठं दिसते ते पाह्यायची. आज ऑटोतूनही तेच पाह्यलं.

मंग तिनं त्या बाईले सुट्टे परत देल्ले अन् मले म्हणे, आई, भूक लागली.

दादा, मी भाकरी टाकायले जाऊन राह्यली. तू अन् वहिनी या. पत्ता लिहीत नाई, हिरवं शटर पाह्यजो. डबा तुह्या हातानं घेऊन जाजो.
तुही, वच्छला