पातळ थेंब

१९ जून, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना आराम पडला असेल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठीकच झालं. पट्टी निघाल्यावर पहिलं काय दिसलं, तर ह्यांच्या शर्टाची काळीकुट्ट कॉलर आणि नखांतला मळ. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी बसून जेवत होते!

पुढे डोळा लाल झाला, उजेड सोसवेना. कापडावर खडूने आखलेली सरळ रेघ मध्येच पोट काढायची. दोन ब्लाउज वाया गेले. कापड धरायला बसलेल्या जाऊबाईंवर खेकसले, "कापड नीट धरा ना!" त्या बिचाऱ्या नीटच धरत होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत दाह आहे, पडद्याच्या मधोमध सूज आलीये. थेंब वेळेवर जातात ना?"

"एकदाही चुकले नाहीत. हेच घालतात."

घरी येऊन सांगितलं, तर हे टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले, "अगं, माझेही डोळे चुरचुरत होते, म्हणून तुझेच थेंब घालायचो. संपत आले, तेव्हा बाटलीत थोडं नळाचं पाणी घातलं. वाया कशाला घालवायचे?"

ह्यांच्या पापण्यांना सकाळी चिपडं असतात, ताई. बाटलीचं तोंड आधी तिथे टेकायचं, मग माझ्या डोळ्याला. मी मोरीत जाऊन ओकले. बाहेरून आवाज आला, "नवराबायकोत कसलं आलंय उष्टं!"

डॉक्टरीणबाईंनी बाटली बघून कपाळाला हात लावला. जंतू शिरले नाहीत हे नशीब. सूज काहींना थेंब नीट घालूनही येते म्हणे, पण माझ्या डोळ्यात औषध गेलंच कुठे? आता उतरायला महिने लागतील, आणि नजर पूर्वीसारखी होईलच असं त्या सांगत नाहीत. सरळ रेघ दिसली नाही तर मी शिवू काय?

नवे थेंब माझे मीच घालते. निम्मे गालावर जातात. हे काल लाडात आले, "आण, मी घालतो." तो अंगठा जवळ आला आणि शिसारी आली. नुसत्या डोळ्यापुरती नाही गं. ह्यांचा टॉवेल, ह्यांचा पेला, उशीसुद्धा नकोशी झालीये.

सोमवारी तुझ्याकडे निघते. डोळा बरा होईस्तोवर, असं घरात सांगितलंय. खिडकीपाशी जागा करून ठेव, शिलाई मशीन बरोबर आणतेय.

राहायलाच येणारी,
तुझी धाकटी